दाखल्यातला रस्ता

१२ जून, गुरुवार

आजही फिजिओ चुकली. या आठवड्यातली दुसरी. रिक्षावाला डांबरीवर येऊन थांबला आणि फोन केला, काका आत येत नाही, मागच्या वेळी चाक रुतलं ते काढण्यात दोन तास गेले. सु.ला साडी नेसवून, वेणी घालून हॉलमध्ये खुर्चीत बसवलं होतं. वेणी मला अजून नीट जमत नाही, तीनदा सोडून पुन्हा घातली होती. सगळं उलट क्रमाने करून परत गाऊन घातला. ती काही बोलली नाही. तोंडाची उजवी बाजू ओढलेली, त्यामुळे न बोलणं म्हणजे राग की थकवा, हे एकेचाळीस वर्षांच्या संसारानंतरही मला ओळखता येत नाही.

डांबरीपासून आमच्या दारापर्यंत चारशे बारा पावलं. मोजली आहेत. रिटायर मास्तराला दुसरा उद्योग काय.

१३ जून, शुक्र.

कॅलेंडरवर १६ ऑक्टोबरला लाल गोल केला. सु.ला झटका आला १६ एप्रिलला. डॉक्टर म्हणाले होते, पहिल्या सहा महिन्यांत जेवढं चालवाल तेवढ्या चालतील, नंतर शरीर आहे तिथं अडून बसतं. दोन महिने संपत आले. भिंत धरून चार पावलं टाकते, तीही मी मागे उभा असेन तर. उजवा पाय फरफटतो.

फिजिओच्या बाई एकदा घरी आल्या होत्या. स्कूटी डांबरीवर लावून, सँडल हातात घेऊन. परत जाताना आमच्या नळाखाली पाय धुतले आणि हसून म्हणाल्या, काका, पेशंटला तिकडेच आणा. हसल्या म्हणून मला जास्त लागलं.

१७ जून, मंगळ.

ड्रेनेजच्या चेंबरवर ठेचकाळलो. अंगठ्याचं नख गेलं. ही चेंबरं जमिनीच्या दीड फूट वर डोकी काढून उभी आहेत, कारण रस्ता तेवढा उंच होणार होता. आम्ही घरंही त्याच हिशेबाने बांधून घेतली. रस्ता आला नाही, म्हणून शेवटच्या पायरीखाली दीड फूट नुसती हवा. तिथे मी सिमेंटचे दोन ब्लॉक रचलेत. सु. त्यावर पाय ठेवायला घाबरते. मीही घाबरतो, सांगत नाही.

प्लॉट घेताना छापील पत्रकात नऊ मीटरचा रस्ता होता, कडेला गुलमोहर, गुलमोहराखाली बाक. बिल्डरने सॅम्पल घरापर्यंत खडी टाकली, सगळे प्लॉट खपवले आणि गेला. फोन उचलतो, हे त्याचं कौतुक. दर वेळी म्हणतो, सर, लक्षात आहे. बावीस घरांपैकी राहायला आलेली आठ. बाकीचे शहाणे.

१९ जून, गुरु.

आज फिजिओ झाली. शेजारचे ढगे टेम्पो घेऊन आले. हे मूळचे पाथर्डीकडचे, म्हणजे माझ्या तिसगावच्या बाजूचेच, कांदा वाहतूक करतात. सॅम्पल घरापाशी टेम्पो उभा केला. तिथून घरापर्यंत चिखल, म्हणून सु.ला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दोघांनी उचलून नेलं. ढगे पुढे, मी मागे. वर्षाने (मुलगी, पुण्यात असते) पाठवलेली व्हीलचेअर कोपऱ्यात पडून आहे. काळी माती चाकात बसली की ती खुर्ची नांगरासारखी जमीन उकरते.

सु. खुर्चीत डोळे मिटून बसली होती. रस्त्यात तिने पदर डोक्यावरून तोंडावर ओढून घेतला, एका हाताने. सगळ्या खिडक्यांतून बायका बघत होत्या. माझी बायको केंद्रातल्या सगळ्या शाळांच्या स्नेहसंमेलनात फुगडीला पहिली असायची.

२३ जून, सोम.

अर्ज लिहिला. अर्ज लिहिणं हे एक काम मला देवाने नीट दिलं आहे. विषय, संदर्भ, महोदय, उपरोक्त विषयी सविनय सादर. वॉर्ड ऑफिसच्या आवक खिडकीवर दिला, पोच घेतली. ढगे म्हणाले, गुरुजींचं ड्राफ्टिंग म्हंजी बघायलाच नको. मला बरं वाटलं. या वयातही बरं वाटतं.

मार्चमधल्या त्या कागदाचा उल्लेख अर्जात केला नाही. तशी गरज वाटली नाही.

३ जुलै, गुरु.

उत्तर आलं. पोस्टमनने फोन करून डांबरीवर बोलावून दिलं.

“सदर रस्त्याचे काम मार्चअखेर पूर्ण झाले असून, स्थानिक रहिवाशांनी तसा समाधानाचा दाखला दिलेला आहे. सबब तक्रारीत तथ्य आढळून येत नाही.” सोबत झेरॉक्स. आठ सह्या. अक्षर माझं.

चिखलात उभं राहून माझंच अक्षर वाचलं. फार सुंदर अक्षर आहे.

४ जुलै, शुक्र.

काल पुढे लिहवलं नाही. आज सगळं लिहून ठेवतो, नाहीतर मीच मला वेगळं काहीतरी सांगायला लागेन.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात भाऊसाहेब आले होते. भाऊसाहेब म्हणजे इथले होऊ घातलेले पुढारी, कुठल्यातरी फंडातून आमच्या रस्त्याला मंजुरी आणली होती त्यांनी. म्हणाले, सर, एकतीस तारखेच्या आत काम झालं नाही तर निधी परत जाणार. आत्ता पूर्ण झाल्याचा दाखला द्या, एप्रिलमध्ये मशीन लावतो. मी तेव्हा कॉलनीच्या कमिटीचा सेक्रेटरी. मला त्यात वावगं काही वाटलंच नाही.

वाटणार कसं. चौतीस वर्षांच्या नोकरीत मार्च एंडला मी हेच केलं. शाळेची कंपाऊंड वॉल, सही मार्चमध्ये, भिंत मे महिन्यात. मुलींचं स्वच्छतागृह, सही मार्चमध्ये, बांधकाम जुलैत. नाही सही केली तर पैसा परत आणि पोरी उघड्यावर. सगळे हेडमास्तर करायचे, केंद्रप्रमुख करून घ्यायचे. आणि काम व्हायचं. एकदाही दगा झाला नाही. कारण सरपंचाचीच नात तिसरीत माझ्यासमोर बसायची आणि ठेकेदार रोज पाराजवळ दिसायचा. खोट्या कागदालाही गावात खरं व्हावं लागायचं. इथे कोण कोणाला दिसतो.

सगळ्यात वाईट ते शेवटी लिहितो. भाऊसाहेबांनी दोन ओळींचा मजकूर आणला होता. मी म्हटलं, असं नको, नीट लिहू. घरात बसून मी तो सुधारला. “त्यामुळे नागरिकांची, विशेषतः वृद्ध व आजारी व्यक्तींची, मोठी सोय झाली आहे.” हे वाक्य कोणी मागितलं नव्हतं. माझं आहे. तेव्हा सु. आत धडधाकट पोळ्या लाटत होती.

७ जुलै, सोम.

ढगेंनी विचारलं, उत्तर आलं का गुरुजी. म्हटलं, विचाराधीन आहे. विचाराधीन! शब्द कसे हाताशी असतात माझ्या.

१० जुलै, गुरु.

भाऊसाहेबांना गाठलं. पुणे रोडला हॉटेल आहे त्यांचं, तिथेच दरबार. चहा पाजला, पाया पडले. म्हणाले, ठेकेदाराने दुसरीकडचं काम आधी घेतलं, पाऊस संपू द्या, दिवाळीच्या आत करतो. मी म्हटलं, ऑफिसात तर काम पूर्ण म्हणून नोंद आहे, मग करणार कशातून? त्यावर माणूस पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून बोलला. “सर, दाखला तुमचा आहे. आम्ही फक्त पोचवला.”

चहा गोड होता, सगळा पिऊन आलो. ग्लास तोंडावर मारायला हवा होता असं आत्ता वाटतंय. तेव्हा मी आभारी आहे म्हणालो.

१८ जुलै, शुक्र.

फिजिओ नाही. २१ लाही नसणार, ढगे लासलगावला.

२९ जुलै, मंगळ.

घरातल्या घरात व्यायाम. हॉलमधून स्वयंपाकघर, नऊ पावलं. बाई म्हणाल्या होत्या, सपाट मोकळी जागा हवी, वळणं नकोत, वळताना तोल जातो. सपाट मोकळी जागा. दारासमोर नऊ मीटर रुंद पडली आहे, तिच्यात बेडकं आहेत.

सु. आज स्पष्ट दोन शब्द बोलली, “बस झालं.” मी म्हटलं अजून एक फेरी. तिने भिंतीवरचा हात काढून घेतला.

६ ऑगस्ट, बुध.

पडली. माझ्यामुळे.

ऊन होतं, जमीन जरा वाळली होती, मी म्हटलं चल, खाली उतरून चार पावलं. ब्लॉकवर पाय ठेवला आणि ब्लॉक कलंडला. खालची माती आतून ओली होती. मी तिला धरायला गेलो आणि दोघेही खाली. मोडलं काही नाही. कोपर सोलवटलं, कपाळाला खोक. ढगेंची सून रेश्मा धावत आली, पोट पुढे, तिलाही मी ओरडलो, तू येऊ नको, घसरशील.

सु. रडली नाही. चिखलात बसून राहिली आणि आपल्या उजव्या पायाकडे बघत राहिली, दुसऱ्याचा पाय असावा तसा. मी तिथेच बसून रडलो. बाजूच्या गच्चीवर कोणीतरी कपडे वाळत घालत होतं. घालू दे.

९ ऑगस्ट, शनि.

आता ती उठायलाच तयार नाही. दाराकडे तोंड करून खुर्ची ठेवली तरी मान फिरवते. बाई फोनवर म्हणाल्या, भीती बसली की स्नायूंपेक्षा ती काढायला जास्त वेळ लागतो. वेळ. कॅलेंडर भिंतीवरून काढून कपाटात ठेवलं.

२४ ऑगस्ट, रवि.

कॉलनीची मीटिंग, ढगेंच्या ओट्यावर. रेश्माला सातवा संपत आला. दिवस ऑक्टोबरच्या शेवटी. ढगे म्हणाले, ॲम्ब्युलन्स आत येणार न्हाई, सुनेला काय खुर्चीत घालून न्यायची का, आपन सगळे मिळून हापिसात जाऊ. सगळे हो म्हणाले. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. सर, तुम्ही बोला तिथं.

मी म्हटलं, गणपती होऊ द्या.

२७ ऑगस्ट, बुध.

गणपती डांबरीवरून हातात धरून आणले. मोरया म्हणत चिखलातून येताना लोकांना हसू येत होतं, थोडा वेळ मलाही बरं वाटलं. मग बघितलं, कोपऱ्यावर भाऊसाहेबांचा फ्लेक्स. हात जोडलेले. “रस्ताप्रश्न मार्गी लावल्याबद्दल रहिवाशांतर्फे जाहीर आभार.” रहिवाशांतर्फे! फ्लेक्सचे बांबू कॉलनीतल्या एकमेव कोरड्या जागेत रोवले आहेत.

पोरांनी विचारलं हा लावला कोणी. मला माहीत होतं हे आभार कुठून आले. मी आरतीला गेलो नाही, सु.चं कारण सांगितलं.

३० ऑगस्ट, शनि.

ढगेंना सांगितलं.

त्यांच्या ओट्यावर बसून, झेरॉक्स पुढे ठेवून. त्यांनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. मग खालची आपली सही बोटाने दाखवली. मला वाटलं चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं.

“गुरुजी, ह्यो मी वाचला न्हाई. तुमी लिव्हलंय म्हनल्यावर वाचायचं काय, म्हनून सही केली.”

पुढे म्हणाले, मला वाटलं रस्ता मिळन्यासाठी अर्ज हाय. बाकीच्यांनाबी तसंच वाटलं आसंल. मग घरात जाऊन पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढे ठेवला. घरचा माणूस काहीही करून आला तरी पाणी द्यायचं, ही आमच्याकडची रीत. तांब्या तसाच ठेवून मी उठलो.

चौतीस वर्षं पोरांना सांगत आलो, वाचल्याशिवाय सही करू नका. आणि माझ्या अक्षराखाली सात माणसांनी डोळे मिटून सह्या केल्या.

३१ ऑगस्ट, रवि.

सु.ला सांगितलं. सगळं. ती दाखल्यात नाही, पण ज्या आजारी व्यक्तीची मोठी सोय झाली आहे ती तीच, हेही सांगितलं. मग तोंड वाकडं करून म्हणाली, “मार्च एंड.”

एवढंच. तिला सगळं आठवत होतं. त्या भिंतीच्या वेळी हीच म्हणाली होती, न बांधलेल्या भिंतीवर सही कशी करता हो तुम्ही. मी तेव्हा तिला म्हटलं होतं, तुला शासकीय काम कळत नाही.

३ सप्टें., बुध.

वॉर्ड ऑफिस. दाखला रद्द करता येतो का विचारायला. टेबलामागचा मुलगा तरुण, चांगला होता. मला बसायला खुर्ची दिली. म्हणाला, सर, ज्यांनी दिला त्यांनीच लेखी द्यावं लागेल की काम झालेलं नव्हतं आणि आम्ही चुकीचा दाखला दिला. आठही सह्या. मग पाहणी, मग नवा प्रस्ताव. एका माणसाच्या अर्जावर फाईल उघडणार नाही. आणि हळूच म्हणाला, तुम्ही रिटायर शिक्षक ना, असं स्वतःच्या हाताने लिहून देण्याआधी घरी विचारा.

घरी विचारलं. सु.ने डाव्या हाताने पेन माझ्याकडे सरकवला.

४ सप्टें., गुरु.

मजकूर तयार केला. चार ओळी. “आम्ही खाली सही करणारे लिहून देतो की रस्ता झालेला नाही. मार्चमधला दाखला खोटा आहे. तो मी लिहिला.” सविनय वगैरे सगळं काढून टाकलं. आयुष्यात इतका वाईट दिसणारा अर्ज लिहिला नव्हता. ढगेंना आधी मोठ्याने वाचून दाखवला, मग त्यांच्या हातात दिला. त्यांनी एकेक अक्षर लावत वाचला, सही केली. दोन झाल्या.

७ सप्टें., रवि.

वर्षा आली. आईच्या कपाळावरची खूण बघून माझ्याशी जेवणापर्यंत बोलली नाही. जेवताना म्हणाली, बाबा, माझ्या सोसायटीत खालीच फिजिओ सेंटर आहे, लिफ्टने जायचं. दीड महिना तरी द्या आईला. मी म्हटलं, ने. जूनमध्येच म्हणाली होती, तेव्हा मी म्हटलं होतं की रस्ता होईल आता, स्वतःचं घर सोडून मुलीकडे कशाला. जून, जुलै, ऑगस्ट. हे तीन महिनेही माझ्याच नावावर.

तिच्याकडे दोन खोल्या, जावई, सासू. मी नंतर येतो म्हटलं. सह्यांचं काम आहे.

८ सप्टें., सोम.

सु. गेली. गाडी डांबरीवर. ढगे पुढे, मी मागे, पुन्हा तीच खुर्ची. सकाळी पाऊस झालेला, चेंबरांच्या मधून वाट काढत. अर्ध्यावर ढगेंचा पाय घसरला आणि खुर्ची कलली, सु.ने माझं मनगट धरलं. उजव्या हाताने. बोटं अगदी हलकी, तरी होती. मी वर्षाला ओरडून सांगितलं. वर्षा पुढे चप्पल काढून चालत होती, तिला ऐकू गेलं नाही.

गाडीत बसवल्यावर सु.ने घराकडे बघितलं नाही. इतक्या लांबून ते दिसतही नाही म्हणा.

१५ सप्टें., सोम.

चार सह्या. तलाठी ऑफिसातले शिरसाठ (चौथ्या घरातले) म्हणाले, सर, मी नोकरीत आहे, खोट्या दाखल्यावर माझी सही होती असं मीच लिहून देऊ? बरोबर आहे त्यांचं. दोन घरं दार उघडत नाहीत. एकाने विचारलं, भाऊसाहेबांना विचारून घ्यायचं का. म्हटलं, घ्या.

२२ सप्टें., सोम.

घटस्थापना. घट बसवले नाहीत, सु.शिवाय मला ते येत नाही. आठ दिवस सतत पाऊस. दूधवाला बंद. ढगेंकडून डबा येतो. रेश्मा खिडकीत उभी राहून रस्त्याकडे बघत असते. मी दिसलो की हसते. मी सह्या गोळा करतोय म्हणून तिला वाटतं रस्ता होतोय.

भाऊसाहेबांचा फोन आला. आवाज एकदम मऊ. सर, तुमची पेन्शन आहे, वय आहे, कशाला या भानगडीत. मी म्हटलं, विचार करतो. मी भित्रा माणूस आहे. हे इथे लिहिलेलं बरं.

३० सप्टें., मंगळ.

पाच. पाचवी सही कुलकर्णी काकूंची (मार्चमध्येही त्यांचीच होती), त्यांचे मिस्टर नको नको म्हणत असताना. म्हणाल्या, सुमनताईंना खुर्चीतून नेताना मी खिडकीतून बघितलंय.

चहा घेतला त्यांच्याकडे. घरी येऊन झोपलो तो दुपारी चारला उठलो. स्वयंपाकघरात गेलो, हॉलमध्ये आलो. नऊ पावलं. पुन्हा गेलो. पुन्हा आलो.

५ ऑक्टो., रवि.

वर्षा फोटो पाठवते, उघडायची हिंमत होत नाही. चांगले असले तरी आणि वाईट असले तरी.

९ ऑक्टो., गुरु.

तीन राहिल्या आहेत. शिरसाठ आज स्वतःहून थांबले, म्हणाले बाकी दोघांनी केली तर मीही करतो. बाकी दोघे म्हणतात शिरसाठांनी केली तर. ढगे म्हणाले, गुरुजी, तुमी हायेत तवर हे हुईल, तुमच्या तोंडाकडं बघून करतेत लोक. डॉक्टरांनी रेश्माला वीस तारखेच्या पुढची तारीख दिलीय, आधीही होऊ शकेल म्हणाले. तेवढ्यात रस्ता होणार नाही हे ढगेंनाही कळतं. निदान मुरूम तरी पडेल, पाहणीला साहेब आले तर. ढगेंनी मला शब्द मागितला नाही. मीच दिला. सह्या पूर्ण झाल्याशिवाय इथून हलणार नाही म्हटलं.

१२ ऑक्टो., रवि.

सकाळी वर्षाचा व्हिडिओ कॉल. फोन कोणीतरी लांब धरला होता. सोसायटीचा लांबच लांब पॅसेज, गुळगुळीत फरशी, आणि सु. एकटी चालत येत होती. काठी डाव्या हातात. कोणी धरलेलं नाही. उजवा पाय फरफटत होता पण येत होता. मी मोजत होतो, सवयीने. अठरा. थांबली, दम घेतला, परत सहा.

आनंद झाला, फार झाला. आणि त्याच वेळी कळलं की हे जूनमध्ये होऊ शकलं असतं. आत्तापर्यंत ती काठीशिवाय चालली असती. सोळा तारखेला चार दिवस राहिले.

मग सु.ने फोन घेतला. शब्द आता बरेच सुटे येतात. मी म्हटलं, छान चालतेस, आता बघ, इकडे सह्या होत आल्या, पाहणी झाली की काम लागेल, मग तुला घरी आणतो. माझं संपल्यावर म्हणाली,

“मी नाही येत आता तिकडे. तुम्ही या.”

रागाने नाही. पोळी वाढू का विचारते तसं. मागे वर्षा म्हणाली, आई, अगं घर आहे आपलं. सु.ने तिच्याकडे बघितलंही नाही. माझ्याकडेच बघत होती. तिला खरंच उत्तर हवं होतं.

ढगे बाहेर उभे होते, त्यांना आज त्या दोघांकडे माझ्यासोबत जायचं होतं. दारातून म्हणाले, गुरुजी, येता का, ते घरी हायेत आत्ता. मी हाताने थांबा म्हटलं.

वर्षाने विचारलं, बाबा, परवाचं बसचं तिकीट काढू का. मी म्हटलं, बघून सांगतो.

सु. म्हणाली, “काय बघायचं राहिलंय?”

अर्ज टेबलावर पडला आहे. पाच सह्या, खाली तीन माणसांची रिकामी जागा. ढगे अजून दारात उभे आहेत, आत या म्हटलं तर चिखलाचे पाय आहेत म्हणतात.